गिरणीतला एकच आवाज

अंजनाला कुकरची शिट्टी सोसत नाही, आणि ती दिवसभर पिठाच्या गिरणीत बसते. आटपाडीच्या पूर्वेला, माळावरच्या त्या वाडीत या दोन गोष्टींचा मेळ कुणालाच कधी घालता आला नाही.

"शिट्टी झाली की कानावर हात धरून परड्यात पळती, आन गिरणीच्या धडधडाटात देवळात बसल्यागत बसती. नखरं हायत, दुसरं काय न्हाई," असं बायका म्हणत. तिच्यासमोरच म्हणत, कारण अंजनाला बोललेलं पोचत नाही असा समज होता. पोचायचं, पण उशिरा. कुणी काही विचारलं की शब्द आधी नुसता आवाज म्हणून आत यायचे, मग त्यांचा अर्थ लागायचा आणि मग उत्तर तयार व्हायचं. तोवर विचारणारा पुढच्या विषयावर गेलेला असे.

तिचे वडील नानासो मेंढपाळ होते. चराई मिळेनाशी झाली तशी त्यांनी मेंढरं विकली आणि घराला लागून गिरणी टाकली. मोटार, पट्टा, दोन दगड आणि वर धान्य ओतायचं पत्र्याचं तोंड. खोली मातीची, उजेड दारातून येईल तेवढा. भिंतींना खिळे ठोकून रिकामी पोती अडकवलेली. घरात लोकरीची घोंगडी मात्र तशीच राहिली होती. अंजना भर उन्हाळ्यात दोन घोंगडी अंगावर घेऊन झोपायची. यावरूनही बोलणं व्हायचं. घोंगडं टोचत नाही आणि साडीचा काठ टोचतो? बांगड्यांनी रडते आणि घोंगड्यात घामाघूम होऊन हसते?

तिच्यापुरतं ते सोपं होतं. घोंगडं जड असतं. ते अंगावर दाबून बसलं की आपले हातपाय कुठे संपतात हे तिला कळायचं. बांगड्या हलक्या. त्या सारख्या हलतात, आणि प्रत्येक हलणं नवं असतं. पाठीवरून कुणी मायेने हलका हात फिरवला तर मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं. नानासो खांदा घट्ट धरत, ते चालायचं. पाहुण्या बायकांना हे माहीत नव्हतं. त्या हात फिरवायच्या आणि ही अंग चोरायची, की झाली उर्मट.

शाळेत गुरुजींचा आवाज, पंख्याची कुरकुर, मागच्या बाकावर पेन्सिल खरवडणारी पोरगी आणि बाहेरचा हापसा हे सगळं एकाच उंचीवर ऐकू यायचं. इतरांच्या कानात जणू कुणी बसलेलं असतं, ते गुरुजींना पुढे घेतं आणि पंख्याला मागे ढकलतं. अंजनाच्या कानात तसं कुणी नव्हतं. ती सातवीपर्यंत गेली आणि मग गिरणीत नानासोंच्या शेजारी बसू लागली.

एकदा लग्नही झालं. विट्याकडचं मोठं घर होतं. दोन टीव्ही, येणारी-जाणारी माणसं, फोडणीचा खकाणा. तिथे ती जेवायचीच विसरायची. भूक लागली हे तिला तशीही उशिरा कळते, आणि त्या घरात तर काहीच कळेना. एके दिवशी हात पोळला, तो फोड आल्यावर दिसला. दोन महिन्यांत तिला आणून घातली. नंतर मिरजेच्या एका दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला. आई सुलाबाई म्हणाल्या, "त्याच्या गोळ्या कवा सुरू करायच्या?"

"गोळ्या नाहीत, आजी. हा आजार नाही, हिची घडणच अशी आहे. काही गोष्टी हिच्यापर्यंत फार जोरात पोचतात, काही फार हळू. कुठल्या ते तिला विचारा."

बिनगोळ्यांची गोष्ट सुलाबाईंना पटली नाही. त्यांनी घरी येऊन मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या तशी अंजना परड्यात पळाली.

नानासो गेल्यावर गिरणी तिच्याकडे आली, आणि चांगली चालली. मोटार सुरू झाली की तो आवाज खोलीतला बाकी सगळा आवाज पोटात घ्यायचा. ती मनगटावर पीठ पडू देऊन बघायची. जाड आलं की दगड आवळायची, तापलं की सैल करायची. गिऱ्हाईक डबा ठेवून जायचं आणि संध्याकाळी न्यायचं. बोलायला फारसं लागायचंच नाही.

तिचा धाकटा भाऊ रविराज केरळात गलाईच्या धंद्यात होता. सोनारांकडचं मोडीचं सोनं भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचं, हे काम आटपाडी-खानापूरची माणसं देशभर करतात. उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. गणपतीला तो रजा काढून आला तो एक बेत मनात धरूनच. आक्का त्या अंधाऱ्या खोलीत कुबट पोत्यांत बसते, याची त्याला लाज वाटायची आणि कणवही यायची. त्याने आईला आणि आक्काला माण तालुक्यातल्या मामाकडे आठवडाभर पाठवलं. जाताना काही सांगितलं नाही. अचानक दाखवायचं होतं.

परत आल्या तेव्हा दाराला फीत बांधली होती. आत खालपासून पत्र्यापर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स, चार एलईडी ट्यूब, दर्शनी भिंतीला बाहेरूनही तशाच टाइल्स, पुढे काचेचं दार, कोपऱ्यात आरत्या लावायला स्पीकर. पोती पेटवून दिली होती.

"आवडलं का आक्का?"

सगळी माणसं उभी होती. अंजनाने वर बघितलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. उत्तर यायला वेळ लागला.

"न्हाई," ती म्हणाली.

माणसं हसली. रविराजही हसला, पण त्याचा चेहरा उतरला. "नवं हाय म्हणून. हुईल सवय," तो म्हणाला.

सवय होईना. रोज सकाळी काचेचं दार उघडलं की ती पहिल्याच दिवसासारखी उंबऱ्यावर थबकायची. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. कोण काय सांगतंय ते उलगडेना. तिने एक युक्ती फार पूर्वीच शिकून ठेवली होती. कळलं नाही तरी "व्हय" म्हणायचं, म्हणजे माणूस जातो. आता ती दिवसभर "व्हय" म्हणू लागली.

उपासाच्या दळणाचा तिच्या गिरणीत एक नेम होता. वरी, राजगिरा, शाबू असं काही असेल तर ते सकाळी सगळ्यात आधी. दगड उघडून कुंच्याने झाडायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, वाळू द्यायचे, मग मूठभर वरी दळून ती पाखरांना टाकायची आणि त्यानंतर खरं दळण. एकदा धान्य पडलं की त्या दिवशी उपासाचं बंद. नवरात्र तोंडावर आलं की बायका या नेमावर भरवसा ठेवून शेजारच्या वाड्यांवरूनही येत.

घटस्थापनेच्या आधी गर्दी उसळली. एका दुपारी बाजरीचं दळण चालू असताना हौसाकाकू आल्या. पायात वाताने कळा, म्हणून सकाळी यायला जमलं नव्हतं. डब्याच्या झाकणावर त्यांनी कुंकवाचं बोट ओढलं होतं, उपासाचं म्हणून. स्पीकरवर आरती लागली होती.

"अंजे, उपासाचं हाय गं. आज र्‍हाऊ दे, उद्या सकाळी दगड पुसून घाल. कळलं न्हवं?"

"व्हय," अंजना म्हणाली, आणि बाजरी संपली तशी तिने तो डबा उचलून वर ओतला.

घट बसले त्या दिवशी हौसाकाकू अनवाणी, हातात ताट घेऊन गिरणीपुढे उभ्या राहिल्या. ताटात अर्धं थालीपीठ होतं.

"कुठाय ती? ये बाहीर! मला डोळ्यानं दिसत न्हाई म्हणून ह्यो धंदा? सून म्हणली, आत्ती, ह्यात काळं काय हाय? चव घिऊन बघितली तर बाजरी! पैल्याच दिवशी माझा उपास मोडला. चाळीस वर्सं धरतीया मी!"

रविराज धावत आला. "काकू, बसा तर आदी. आवं, तुमच्याच डब्यात आधीचं काय राहिलं आसंल. आमच्या गिरणीत आसं हुत न्हाई."

"माज्या डब्यात? माजा डबा मी चिचंनं घासलाय, मुडद्या!"

अंजना दारात येऊन ताटाकडे बघत होती. थालीपिठात करडे ठिपके होते. तिने मनातल्या मनात त्या दुपारच्या डब्यांची रांग पुन्हा लावली.

"डब्यात नव्हती," ती म्हणाली. "बाजरीमागनं घातलं मी."

"आक्का, तू गप की जरा!"

"दगड पुसला न्हाई."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने एकदम कबुली दिली की पुढे काय बोलायचं कळत नाही. हौसाकाकूंनी ताट खाली ठेवलं. "आता देवीच काय ते बघंल," म्हणाल्या आणि निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत कुंकू लावलेले सगळे डबे लोकांनी परत नेले.

रात्री जेवताना रविराजने ठरवून टाकलं. आटपाडीच्या गिरणीवर काम केलेला गुंडा नावाचा माणूस उद्यापासून येईल. "आक्का, तू आता घरात आराम कर. लय केलंस."

त्याला वाटलं आपण तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. सुलाबाईंनाही तसंच वाटलं. पण घर म्हणजे दिवसभर टीव्ही, दोन मोबाइल, कुकर, अंगणातला कुत्रा, भांडी. प्रत्येक आवाज वेगळा, कुठलाच सांगून न येणारा. गिरणीत ती कामाची बाई होती. घरात ती नुसती कानावर हात ठेवलेली बाई होती. दसऱ्यापर्यंत ती माळवदाखालच्या खोलीत दोन घोंगड्यांखाली पडून राहिली. ताट कुणी समोर ठेवलं तर जेवायची. गिरणी पुन्हा मिळेल का, हे तिने कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच तिच्या ध्यानात आलं नाही. दगड आता जाड दळत असणार, गुंडा ते आवळत नसणार, एवढंच ती छताकडे बघून म्हणायची.

रविराजची बायको प्रांजल इस्लामपूरची. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. लग्नाआधी एका कारखान्यात सर्किट तपासायच्या बाकावर ती बसायची. नणंदेचं काय करावं हे तिला पहिले महिने समजलं नव्हतं. विचारलं तरी उत्तर येत नाही म्हणून तिनेही बोलणं सोडलं होतं. पण एक गोष्ट तिला खुपत होती. जे मशीन वर्षानुवर्षं नीट चाललं, ते बदल केल्यावर बिघडलं, तर चूक मशीनमध्ये शोधायची की बदलात?

गिरणीच्या उद्घाटनाचा व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये होता. तो बघताना तिला ट्यूबच्या उजेडात काळे पट्टे सरकताना दिसले. ती उठून नणंदेच्या खोलीत गेली.

"ताई, गिरणीत चला. गुंडा जेवायला गेलाय."

अंजना बराच वेळ पडून राहिली. प्रांजल उंबऱ्यावर बसली आणि पुन्हा विचारलं नाही. कुत्रा भुंकायचा थांबल्यावर अंजना उठली.

गिरणीत प्रांजलने ट्यूब लावल्या आणि मोबाइलचा कॅमेरा वर धरला. "हे पट्टे बघा. ह्या स्वस्तातल्या ट्यूब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. माझ्या डोळ्याला सरळ उजेड दिसतो. तुमाला पट्टे दिसतात का?"

अंजनाने विचार केला. "पट्टे न्हाई. समदं हालतंय. भिताड बी."

"घ्या. सापडलं!" प्रांजलने बटण बंद केलं. "आता बरं?"

"न्हाई."

प्रांजलचा उत्साह जरा ओसरला. तिला एकच दोष सापडायला हवा होता. तिने स्पीकरची वायर काढली. उदबत्तीचा पुडा बाहेर ठेवला. मोटार चालू केली. "आता?"

"न्हाई."

"मग कशानं होतंय, ताई?"

हा प्रश्न अंजनाला आजवर खूप जणांनी विचारला होता. तिला त्याचं उत्तर कधी येत नसे, कारण सगळं एकदमच आत यायचं, एकावर एक, आणि त्यातलं एक वेगळं काढायला सवड मिळायची नाही. आज दोन-तीन गोष्टी बंद होत्या. तिने मोटार थांबवली, खोलीच्या मध्यावर उभी राहिली आणि एक टाळी वाजवली. मग दुसरी.

"परत येतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"आवाज. एकदा माझा, एकदा भिंतीचा. मोटार लावली की दोन मोटारी, चार मोटारी. माणूस बोललं की दोन माणसं." ती टाइलवर तळवा ठेवून उभी राहिली. "आदी पोती हुती. पोती आवाज परत दीत नव्हती."

प्रांजलने स्वतः टाळी वाजवून बघितली. तिला जेमतेम जाणवलं. पण आता तिने वाद घातला नाही. दोघींनी माळ्यावरची नानासोंच्या वेळची जुनी घोंगडी काढली, पत्र्याखालच्या अँगलला सुतळी बांधली आणि तिन्ही भिंती झाकून टाकल्या. काचेचं दार काढून बाजूला टेकवलं. अंजनाने मोटार सुरू केली आणि पहिल्यांदा खांदे खाली सोडले.

रविराज आला तेव्हा ती दळण घालत होती.

"हे काय चाललंय? गिरणी हाय का मेंढराचा वाडा?" तो ओरडला. "प्रांजल, तुज्या नादानं माझी सगळी फरशी झाकली की!"

"आवं, तुमी भट्टीपुढं काळा गॉगल लावून बसता का न्हाई?" प्रांजल म्हणाली. "तितं कोण तुमाला नखरं म्हणतंय का?"

"ते वेगळं. डोळं जळत्यात."

"ह्यांचंबी जळतंय. तुमाला दिसत न्हाई एवढंच."

"मग कापूस घाल म्हणावं कानात! आवाज सोसत न्हाई तर गिरणीत बसायचंच कशाला? मी काय वाईट केलं का गं आक्का? तुज्यासाठीच केलं न्हवं सगळं?"

मोटार चालू होती, त्यामुळे तो हे सगळं तिच्या कानाशी ओरडून सांगत होता. अंजनाने त्याच्याकडे बघितलं नाही. मनगट पिठाखाली धरून ती थांबली, दगड किंचित सैल केला, पुन्हा हात धरला. रविराजने वाट बघितली. लहानपणी तो वाट बघायचा. केरळात गेल्यावर ती सवय मोडली होती. खोलीत पिठाचा धुरळा, लोकरीचा वास, दारातून येणारा तेवढाच उजेड. धडधडाट छातीत घुसत होता. थोड्याच वेळात त्याला स्वतःचाच विचार ऐकू येईना. तो दोन पावलं दाराकडे सरकला.

"कशी बसतीस गं हितं?" तो म्हणाला. हे त्याने ओरडून विचारलं नव्हतं, तरी तिला पोचलं.

दळण संपलं. तिने मोटार बंद केली.

"हितं एकच आवाज हाय," ती म्हणाली. "घरात लय हायत."

रविराज दाराशीच थांबला.

"मला गिरणी पायजे," ती पुढे म्हणाली. वाक्य बरेच दिवस आत तयार होत असावं, कारण ते सलग आलं. "बोलायला गुंडा बसू दे बाहीर. डबं त्यानं घ्यायचं. उपासाचं मला सांगायचं न्हाई, दाखवायचं. तांबडं फडकं बांधून तिकडं फळीवर ठेवायचं. सकाळचंच. सांगितलेलं मला लागत न्हाई कवा कवा. मी व्हय म्हणती, ते खरं नसतंय."

"हे आदी का न्हाई बोललीस?"

अंजनाने यावर खरोखर विचार केला. "आदी ठावं नव्हतं."

गुंडा जेवून आला तेव्हा रविराज स्टुलावर चढून ट्यूब उतरवत होता. "मालक, ह्या चांगल्या हायत की," तो म्हणाला. "तुज्या घरी लाव," रविराज म्हणाला. त्याने एक साधा पिवळा दिवा दाराजवळ अडकवला आणि बराच वेळ घोंगड्यांकडे बघत उभा राहिला.

हौसाकाकू त्या वर्षी परत आल्या नाहीत. वाटेत भेटल्या तर तोंड फिरवायच्या. अंजनाने एकदा त्यांच्या दारात पायली-दोन पायली वरी नेऊन ठेवली आणि काही न बोलता परत आली. ती वरी त्यांनी घेतली, एवढं मात्र सून सांगत होती. 'नखरं हायत' म्हणणाऱ्या बायकाही तसंच म्हणत राहिल्या, फक्त आता त्यांना डब्याला तांबडं फडकं बांधावं लागायचं, म्हणून जरा जास्तच म्हणत राहिल्या.

केरळची गाडी पकडायच्या दिवशी सकाळी रविराज बॅग घेऊन गिरणीच्या दारात थांबला.

"आक्का, एक सांगतो. बाहीरच्या अंगाच्या टाइल्स तेवढ्या झाकू नगंस. चार माणसं बघत्यात."

अंजना दगड झाडत होती. तिने झाडायचं थांबवलं, बाहेर येऊन दर्शनी भिंतीकडे बघितलं. ऊन अजून तिथवर आलं नव्हतं.

"बाहीरच्या र्‍हाऊ दे," ती म्हणाली, आणि आत जाऊन मोटार सुरू केली.